ठिपक्यांचा ढग
वाटी फरशीवर पडून गरगरली तेव्हा विनिता दचकली. ठाण्याच्या कोपरीतल्या चौथ्या मजल्यावरच्या त्या घरात बराच वेळ तिला काहीच ऐकू आलं नव्हतं. लेक झोपलीय म्हणून ती कॅनव्हाससमोर बसलेली. इलेक्ट्रॉन कधीच एका जागी नसतो, सगळीकडे थोडाथोडा असतो, हे कॉलेजात शिकलेलं ती निळ्या ठिपक्यांच्या ढगात रंगवत होती. ती उठून आत गेली तर लेकीचं अंथरूण रिकामं होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर, ग्रिलमध्ये, चार वर्षांची लेक कबुतरांना कुरमुरे घालत बसली होती. सकाळी गादी वाळत घालायला उघडलेलं ग्रिलचं दार तसंच राहिलं होतं आणि तिचे पाय बाहेर लोंबकळत होते. विनिताने श्वास रोखून तिला मागून कवटाळलं, आत ओढून घेतलं. निळी बोटं फ्रॉकवर उमटली. “अगं, कधी उठलीस? हाक नाही मारायची?” “मारली ना. खूपदा मारली.” लेकीने तिच्याकडे निरखून पाहिलं. “आई, तू कुठे होतीस?”