घरचा पंखा

बंद पडलेला टेबलफॅन टाकायला जागा शोधताना माझ्या नाकी नऊ आले. एक जण म्हणाला, "आम्ही फक्त कागद आणि बाटल्या नेतो." दुसरा म्हणाला, "एवढ्याशा पंख्यासाठी टेम्पो कोण पाठवणार, साहेब?" शेवटी गावाबाहेर जुनी विजेची उपकरणं घेणारं एक केंद्र सापडलं. बाबांना हल्ली घरी एकटं ठेवता येत नाही, म्हणून त्यांनाही गाडीत बसवलं.

तिथल्या माणसाने पंखा ढिगावर टाकला आणि मी एकदाचं हुश्श केलं. पाठ फिरवतोय तोच बाबा तरातरा ढिगात शिरले. तसल्याच कितीतरी पंख्यांमधून त्यांनी नेमका आमचा उचलला, सदऱ्याच्या बाहीने पुसला आणि जाळी निसटू नये म्हणून आईने बांधलेली निळी नाडी त्या माणसाच्या नाकासमोर धरली.

"हा आमचा आहे. घरचं काही असलं ना, तर मी अंधारातसुद्धा ओळखतो!"

मग पंखा छातीशी धरून ते माझ्याकडे वळले आणि अदबीने म्हणाले,



"ड्रायव्हरदादा, जरा डिकी उघडता का?"