तळ्याकाठी अडलेली रिक्षा

मंगलाष्टकांना पाच मिनिटं उरली होती आणि भाचीला बोहल्यावर नेणारे दिगंबरमामा बिनचालकाच्या रिक्षात अडकले होते. कार्यालय शंभर पावलांवर समोर दिसत होतं. पण नेटवर्क गेल्यामुळे रिक्षा जुना ऑफलाइन नकाशा पाहत होती आणि त्यात तिथे अजून तळंच होतं.

"पुढे खोल पाणी आहे. सुरक्षिततेसाठी दारं बंद आहेत," रिक्षा म्हणाली.

"अगं बाई, तळं बुजवून वीस वर्षं झाली," मामांनी सातव्यांदा सांगितलं.

शेवटी शालू सावरत मृणालिनी, त्यांची भाचीच, धावत आली.

"मामा, उतरा ना. भटजी खोळंबलेत."

"ही सोडेल तर ना."

रिक्षाचा कॅमेरा मृणालिनीकडे वळला. "पाण्यात एक स्त्री आहे. मदतीसाठी दारं उघडत आहे."

मामांनी बुडत्या भाचीचा हात धरला आणि तिला थेट बोहल्यावर नेलं.