वीस मिनिटं थांबून काढलेला फोटो

पडद्यावर चौथा फोटो आला आणि सुताराच्या हातातला चहाचा कप तोंडाशी जाता जाता थांबला.

दवाखान्यातला बोळ. भिंतीला लावलेल्या स्ट्रेचरवर एक माणूस डोळे मिटून पडलेला. त्याच्या उशाशी एक बाई सलाइनची बाटली हातानं उंच धरून उभी. केस सुटलेले, ओठ दातांखाली दाबलेला. ती सुताराची थोरली बहीण होती आणि स्ट्रेचरवर दाजी होते.

"व्वा!" टपालवाले काका म्हणाले. "हाताची रेघ काय आलीय!"

ग्रंथालयाच्या माडीवर दर रविवारी सकाळी ही हौशी मंडळी एकमेकांचे फोटो बघायला जमत. कुणाचं मन मोडू नये म्हणून शाळेच्या बाईंनी नियमच घालून दिला होता. आधी दोन चांगल्या गोष्टी सांगायच्या, मग एक सुधारणा. सुताराला हा नियम फार आवडायचा. त्याच्या पहिल्या धुरकट फोटोतसुद्धा या माणसांनी दोन चांगल्या गोष्टी शोधून काढल्या होत्या.

हा फोटो दातांच्या डॉक्टरांचा होता. "नाव दिलंय 'एकटी'," ते म्हणाले. "प्रदर्शनात दारासमोर हाच लावावा म्हणतो."

"लावाच," बाई म्हणाल्या. "फक्त कोपऱ्यातली कचऱ्याची बादली कापा. नजर उगाच तिकडे जाते."

"आणि रंग काढून टाका," काका म्हणाले. "काळ्यापांढऱ्यात दुःख आणखी गडद होईल."

दुःख म्हणजे काय मीठ आहे, चिमूटभर वाढवायला? सुतारानं कप खाली ठेवला.

डॉक्टर खुशीत आले होते. "सोपं नव्हतं हं. मित्राला भेटायला गेलो होतो, तर बोळात हे दिसलं. वीस मिनिटं थांबलो. आधी हात नुसताच ताठ होता, त्यात काही जीव नव्हता. थरथरायला लागला, तेव्हा कुठं चेहऱ्यावर हे भाव उतरले. चाळीस फोटोंतला हा अडतिसावा."

"याला म्हणतात चिकाटी," काका म्हणाले.

सुताराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या दिवशी नर्सनं ताईच्या हातात बाटली दिली होती आणि 'स्टँड आणते, तोवर खाली येऊ देऊ नका, रक्त उलटं नळीत चढेल' असं सांगून ती गेली होती. दाजी वाचले. ताईला मात्र पुढं आठवडाभर स्वतःची वेणी घालता आली नाही, ती सुताराच्या बायकोनं घातली. खांद्याला मलम चोळताना त्यानं विचारलं होतं, "तिथं कुणी नव्हतं का गं?" "होता की एक जण," ताई म्हणाली होती, "पण तो फोटो काढत होता. मला वाटलं, दवाखान्याचंच काही काम असेल. कशाला मध्ये बोला?"

"बोला, सुतारदादा," बाई म्हणाल्या. "दोन चांगल्या, एक सुधारणा."

सुतार उठला. "फोटो स्वच्छ आलाय. ताईच्या कपाळावरचा घामाचा थेंब न् थेंब मोजता येतो. ही एक."

"ताई?"

"माझी सख्खी बहीण. दुसरी चांगली गोष्ट अशी, की डॉक्टर खरं बोलले. वीस मिनिटं म्हणाले, ती वीसच होती. ताईच्या समोर भिंतीवर घड्याळ होतं."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "अहो दादा, मला काय माहीत ती तुमची बहीण आहे!"

"कुणाची तरी असणारच होती."

"मी मध्ये गेलो असतो तर तो क्षण हातचा गेला असता. आणि मी पडलो दातांचा डॉक्टर."

"बाटली धरायला दातांचा चालतो," सुतार म्हणाला. "नाव काय म्हणालात? एकटी? एकटी कशी, तुम्ही होतात की."

टेबलावर पाण्याची भरलेली बाटली होती. ती त्यानं उचलून डॉक्टरांच्या हातात दिली, आणि त्यांचं मनगट धरून हात डोक्याच्या वर नेऊन ठेवला.

"हे काय?" डॉक्टर कसनुसं हसले. पण सगळे बघत होते, त्यामुळे हात खाली घ्यायची त्यांना लाज वाटली.

"खाली येऊ देऊ नका," सुतार म्हणाला. "बाई, पुढचा फोटो लावा."

बाईंनी काही न सुचून बटण दाबलं. कुणीतरी काढलेलं बागेतलं फूल पडद्यावर आलं. फुलाकडे कुणी बघितलंच नाही. एक मिनिट गेलं. दुसरं गेलं. डॉक्टरांचं कोपर वाकायला लागलं. त्यांनी दुसऱ्या हाताचा टेकू दिला, मग तोही लटपटला. सुतार हाताची घडी घालून उभा होता. त्याचं लक्ष घड्याळाकडे नव्हतं, खोलीतल्या माणसांकडे होतं.

चौथ्या मिनिटाला खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. टपालवाले काका उठले, डॉक्टरांजवळ गेले आणि बाटलीच्या बुडाखाली त्यांनी आपला तळवा लावला.

"द्या इकडे," काका हळू आवाजात म्हणाले. "हात भरून आला असेल."