आधी मॅडमचं बोट

"आधी तुमच्या बोटाला लावा, मग माझ्या," ज्योतिबा म्हणाला आणि दोन्ही हात काखेत घालून बसला.

सुफियाने उसासा सोडला. शिरूरच्या धर्मादाय दवाखान्यातली ती समुपदेशक. समोर पुण्याहून आणलेलं बायोफीडबॅकचं यंत्र होतं, म्हणजे एक डबी, दोन वायरी आणि बोटांना गुंडाळायचे दोन पट्टे. मन घाबरं असलं की बोटांना घाम येतो आणि यंत्र पीक-पीक करत सुटतं. माणूस निवला की आवाज मंदावतो. आपल्या आतला गोंधळ आपल्याच कानांनी ऐकायचा आणि सावकाश श्वास घेत तो खाली आणायचा, एवढीच विद्या. पण २००३ साली तालुक्याच्या गावाला तिचंही अप्रूप होतं.

"करंट नाही हो आबा यात. सेलवर चालतं."

"आसंल की. पर म्होरक्या पान्यात उतरल्याबिगर मेंढरं उतरत न्हाईत."

म्हातारा राहू गावचा. पिढ्यान्पिढ्या मेंढरं राखली, आता चार एकर ऊस. मेंढरं विकली तेव्हापासून झोप नाही, अशी त्याची तक्रार. दोन यष्ट्या बदलून आलेल्या माणसाशी वाद कोण घालणार? तिने पट्टे स्वतःच्या बोटांना गुंडाळले, डोळे मिटले.

यंत्राने जी बोंब ठोकली, ती बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू गेली असेल.

"गरम व्हायला वेळ लागतो त्याला," सुफियाने थाप मारली.

"होऊ द्या. माझी यष्टी चारला हाय."

पुण्याच्या पाच दिवसांच्या प्रशिक्षणात सरांनी बजावलं होतं, समुपदेशकाने आधी रोज वीस मिनिटं स्वतः यंत्रावर बसायचं, मग पेशंटला बसवायचं. सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं आणि गावोगाव जाऊन विसरून गेले. सुफिया तर एकदाही बसली नव्हती. लोकांची रडगाणी ऐकता ऐकता दिवस सरायचा, घरी जाऊन भाकरी गिळायचंही त्राण उरायचं नाही. आणि गेले तीन महिने डोळे मिटायचीच भीती वाटत होती. मिटले की मोनिका दिसायची.

मोनिका ही न्हावऱ्याची बावीस वर्षांची सून. चार शुक्रवार एकटीच आली, थोडंथोडं बोलली. पाचव्या शुक्रवारी गर्दी फार होती. सुफिया म्हणाली, "पुढच्या वेळी निवांत बोलू हं." मंगळवारी पोरीने जीव दिला. तिच्या घरी जायची, तिच्या माणसांना तोंड दाखवायची हिंमत सुफियाला झाली नाही. या कामाला आपण नालायक आहोत, असं तिच्या मनाने घेतलं आणि ते काही केल्या हलेना.

राजीनामा द्यायचं ठरलंच होतं, दवाखान्याच्या डॉक्टरांना तसं सांगूनही झालं होतं. एवढ्यात हा म्हातारा आला. सुफियाने मनाशी पैज मारली, सहा गुरुवारांत याला झोप लागली तर राहायचं, नाही तर आपला रस्ता धरायचा.

दर गुरुवारी तेच. "आधी तुम्ही." आपल्यामुळे म्हाताऱ्याचा खोळंबा नको म्हणून ती बसायची, श्वास मोजायची. तो समोर बसून राहायचा. मध्येच विचारायचा, "जेवलासा का न्हाई?" ती नाही म्हणाली की पिशवीतून शेंगदाण्याची पोळी काढून पुढे ठेवायचा. पेशंटने डॉक्टरला दम भरल्यासारखं बघत राहायचा. तिला हसू यायचं, आणि ती खायची.

तिसऱ्या गुरुवारी तिच्या बोटांवर यंत्राचा आवाज मंदावला. चौथ्या गुरुवारनंतर ती पहिल्यांदा सकाळपर्यंत झोपली. म्हाताऱ्याचं यंत्र मात्र पट्टे लावले की किंचाळायचं.

"मेंढरं आठवली का आबा?"

"व्हय तर."

सहाव्या गुरुवारी सुफियाचं यंत्र दोन मिनिटांत गप्प झालं. मग ज्योतिबाची पाळी. पीक-पीक-पीक-पीक. अर्धा तास झाला, मुंगीएवढा फरक नाही. झोप अजून लागत नाही, हे तर त्याने आल्या आल्याच सांगितलं होतं. पैज हरली होती. तिला वाईट वाटलं, फार वाटलं; पण नवल म्हणजे पळून जावंसं वाटेना.

दवाखान्यातली मावशी, रतनबाई, चहा घेऊन आली. "डॉक्टर विचारत्यात, राजीनामा कधी देताय?"

"नाही देत," सुफिया म्हणाली. "सांगा त्यांना, मी राहतेय. आबा, तुम्हाला अजून बरं वाटत नाही, तर पुढच्या गुरुवारी पुन्हा बसू. मी आहे इथे."

यंत्र अडखळलं. दोन ठोक्यांत अंतर पडलं, आणखी पडलं, आणि आवाज थांबला.

सुफिया डबीकडे बघतच राहिली. वायर सुटली की काय म्हणून तिने चाचपून पाहिली. वायर जागेवर होती.

"आबा! जमलं की तुम्हाला!"

"जमलं." त्याने स्वतःच पट्टे सोडले. "आता न्हाई यायचो म्या. आन् एक खोटं बोललो, मॅडम. मेंढरांचं कायबी न्हाई. ती इकून धा वरसं झाली."

"मग सहा आठवडे कशाला आलात?"

"रतनबाई आमच्या गावची. ती म्हनली, मॅडम दमल्यात, सोडून चालल्यात. म्हनलं, मग बाकीच्या पोरींनी कुनाकडं जायचं?"

"कुठल्या पोरींनी?"

म्हातारा उठला. पटका नीट केला, पिशवी खांद्याला लावली.

"माझी लेक म्हनायची, त्या बाईपाशी बसलं की घटकाभर बरं वाटतंय, आबा. दर शुक्रवारी यायची तुमच्याकडं. न्हावऱ्याला दिल्याली. मोनिका."