खाजामियाँचा मास्क

ऑपरेशननंतर खाजामियाँचा ऑक्सिजन सारखा खाली येत होता, आणि अख्खं युसूफ वडगाव जीप भरभरून त्यांना बघायला येत होतं. जो तो वाकून विचारायचा, "वळखलं का मला?" उत्तर द्यायला चाचा मास्क काढायचे. मी पुन्हा लावायचे.

"अहो, त्यांना बोलायला लावू नका!" ओरडून माझा घसा बसला.

"सिस्टर, एवढ्या लांबून आलोत, न बोलता कसं जायचं?" चाचांचे गावाकडचे शेजारी कल्याणराव माझ्यावरच चिडले.

शेवटी सगळ्यांना वॉर्डाबाहेर हाकललं आणि मास्क नीट बसवला. थोड्या वेळाने चाचा फारच गप्प वाटले. शुद्धीत आहेत ना? मी घाबरून वाकले.

"चाचा, ओळखलं का मला?"

चाचांनी डोळे उघडले आणि मास्क काढला.