राहायला

मावशींनी छापून आणलेला कागद बाईंच्या पुढे ठेवला. मुलाच्या इमारतीच्या ऑफिसात द्यायचं पत्र होतं, मुलानेच इंग्रजीत लिहून पाठवलेलं. खाली मावशींची सही हवी होती. सही करण्याआधी कुणा जाणत्याने एकदा नजर घालावी, एवढंच त्यांचं म्हणणं. शिवाय आपण खोली सोडतोय असं घरमालकाला कळवायचं होतं, तेही पत्र बाईंकडूनच लिहून घ्यायचं होतं. वरच्या मजल्यावरच्या या बाई शाळेत इंग्रजी शिकवत आणि त्यांचे कपडे मावशी शिवत.

बाईंनी पत्र वाचलं. मग त्यातली एक ओळ पुन्हा वाचली.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "आई आमच्याकडे राहायला येतेय, असं लिहिलंय."

"मग दोनदा का वाचलंत?"

मावशींच्या नजरेतून उसवलेला टाका कधी सुटत नसे. बाईंनी सांगून टाकलं. इंग्रजीत राहण्याला दोन शब्द आहेत. चार दिवस पाहुणा राहतो तेव्हा 'स्टे' म्हणतात. घरचं माणूस राहतं, ते 'लिव्ह'. मुलाने 'स्टे' लिहिलं होतं. लोक दोन्ही सर्रास वापरतात, फार मनावर घेऊ नये, असंही त्यांनी घाईघाईने जोडलं.

मावशींनी तिथूनच मुलाला फोन लावला. तब्येतीचं, सुनेचं विचारून झालं. मग पत्रातला तो शब्द बदलून 'लिव्ह' घाल, असं त्यांनी सांगितलं.

पलीकडचा आवाज बाईंनाही ऐकू येत होता.

"अगं आई, दोन्हीचा अर्थ एकच."

"एकच आहे तर बदल की."

पलीकडे कुठलंसं दार लोटल्याचा आवाज आला. मग मुलगा हळूच म्हणाला, "तू ये तर आधी. पुढचं पुढे बघू."

"बरं," मावशी म्हणाल्या. वेळेवर जेवत जा म्हणाल्या आणि फोन ठेवला.

पेन मागून घेऊन त्यांनी कागदावर सही केली, अक्षर न अक्षर नीट जोडून. 'स्टे' होतं तिथेच राहिलं. बाईंनी नजर वर न करता कोरा कागद ओढला, दुसऱ्या पेनाने वर तारीख घातली आणि खोली कधीपासून सोडणार म्हणून घरमालकाला लिहायचं, ते विचारलं.

मावशींनी पेनाला टोपण लावलं.

"ते राहू द्या."