घुमटावरच्या फुल्या

"खाली बघू नकोस दादा, भोवळ येईल," धाकटा म्हणाला.

"तू तुझं बघ. तोंडावर आपटायची पाळी आज तुझी आहे," असं म्हणून थोरला परांचीची शेवटची फळी चढला.

दोघे भाऊ तांब्याचे कारागीर. वडील गेले, कारखान्याच्या मधोमध भिंत आली आणि बोलणं तुटलं. जुन्या ग्रंथालयाचा घुमट वडिलांनीच मढवलेला. त्याच्या दुरुस्तीचं काम धाकट्याने पटकावलं, तेव्हा थोरल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. महिनाभर तो रस्त्यावरून ती परांची बघत जळत होता. काल ग्रंथालयाच्या व्यवस्थापक बाईंचा निरोप आला, 'वर येऊन खराब पत्रे दाखवा.' आयतीच संधी चालून आली. धाकट्याचं काम आज नापास झालं, की घुमट आपल्या हातात!

घुमटाच्या कडेने तांब्याच्या पाकळ्यांची रांग होती. सगळ्या हिरव्याकंच. नव्या पत्र्यावर तेजाब फासून त्याला जुना रंग आणायला थोरल्यानेच धाकट्याला शिकवलं होतं. रंग आणशील रे, पण हात कुठून आणशील?

त्याने एका पाकळीवरून बोट फिरवलं. "हे हातोडीचे ठोके, की देवीचे वण?" त्याने खडूने भली मोठी फुली मारली.

बाई मागे कठडा धरून उभ्या होत्या.

"दादा, असं बोलू नकोस रे."

"का? झोंबलं? हा सांधा बघ. उंदराने कुरतडल्यासारखा!" दुसरी फुली.

"सांधा नीट करता येईल. तू म्हणशील तसा करतो."

"आता सुचतंय?" तिसरी. चौथी.

धाकट्याचा आवाज चिरकला. "ही मधली तरी ठेव. पाया पडतो तुझ्या."

इतक्या वर्षांत थोरल्याला एवढं गार कधी वाटलं नव्हतं. मधल्या पाकळीवर त्याने दोनदा फुली मारली. "बाई, ज्याने हे केलं त्याला कारागीर म्हणू नका. सगळं उपटा आणि भंगारात घाला."

धाकटा मटकन फळीवर बसला.

"बरं झालं तुम्ही आलात," बाई म्हणाल्या. "वडिलांच्या हातचा एकही पत्रा काढू देणार नाही, म्हणून तुमचे भाऊ महिनाभर अडून बसले होते. आता उद्या कामाला सुरुवात तरी होईल."